बिनआवाजाचा बोर्ड

२१ ऑगस्ट २०१०, शनिवार

दोन बोटं गेली. तंबीची, माझ्या धाकट्या भावाची. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची. मीच ती फुटपाथवरून उचलली, मासळीच्या पिशवीत बर्फ घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, "उशीर झाला, बाई." उशीर! रिक्षावाला वाटेत पेट्रोल भरायला थांबला होता. त्याच्या कानाखाली एक वाजवली होती मी. कमीच वाजवली.

परवा संध्याकाळी सव्वासातला झालं. तंबी आमच्या परोट्याच्या दुकानाच्या दारात तव्यापाशी होता. मी आत कांदा चिरत होते. गल्लीतला गुंड दिल्लीबाबू गाडीवरून आला, बरोबर दोघं. तंबीचा हात धरून परोट्याच्या फळीवर ठेवला आणि कोयता घातला. आवाज मला ऐकू आला, पण आमच्याकडे फळीवर दिवसभर तसलेच आवाज. मी वर बघितलंसुद्धा नाही! तंबी ओरडला तेव्हा धावले. तोवर गाडी कोपऱ्यावरून वळलेली.

आणि कशासाठी? कॅरमसाठी! गल्लीच्या क्लबात फायनलला तंबीने त्याला सगळ्यांदेखत हरवलं, वर म्हणाला, "जा, आईकडून शिकून ये." तंबीची, म्हणजे आमच्या एळुमलैची, जीभ लहानपणापासून अशीच. जीभ कापली असती तर एक वेळ समजले असते. त्यांनी नेमकी स्ट्रायकर मारायची बोटं निवडली. 

पण कॅमेरा आहे! दुकानात कॅमेरा लावलाय, सगळं त्यात असणार. दवाखान्यातून आले ती थेट कॉम्प्युटरपाशी. सात वाजून दोन मिनिटांना चित्र अडकलेलं. एक गिऱ्हाईक घास तोंडाशी नेतोय. घास तोंडाशीच. पुढे काही नाही. माझ्या भावाची बोटं तुटत होती आणि हा मेला कॉम्प्युटर त्या माणसाचा घास बघत बसला होता.

२३ ऑगस्ट, सोमवार

पोलीस ठाणे. इन्स्पेक्टर चहा पीत म्हणाला, "कोणी पाहिलं?" म्हटलं, अख्ख्या गल्लीने. "कोण साक्ष देतंय?" कोणी नाही, मी घरोघर विचारून आले होते. दिल्लीबाबू त्या दिवशी मामाकडे लग्नाला होता म्हणे, पन्नास जणांनी पाहिला.

"चित्र असतं तर गोष्ट वेगळी होती, अम्मा," म्हणाला. "चित्राला नातेवाईक नसतात."

कॉम्प्युटरमधली डिस्क काढून घेतली, तपासणीसाठी. पावती मागितली तर हसला. त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून त्या दातांवर घालावासा वाटला. हात पदरात गुंडाळून घरी आले.

२६ ऑगस्ट

तंबी बोलत नाही. भिंतीकडे तोंड. जेवण चमच्याने, डाव्या हाताने. सांडतं. मी पुसते.

२९ ऑगस्ट, रविवार

आज दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि तो मेला कॉम्प्युटर उघडला. कॅमेरा बसवणाऱ्याने सांगितलं होतं, "हात लावू नका, नाजूक असतो." नाजूक! आत दोन वर्षांचा मैदा आणि तेल. त्या बोर्डाला स्वतःचं चित्र दाखवता येत नव्हतं, म्हणून त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड खुपसलेलं, जुनंच. त्याचा छोटा पंखा बोटाने फिरवला तर फिरेना, कणकेत रुतलेला. बोर्डावर छोटे छोटे पत्र्याचे डबे असतात, त्यातल्या चारांची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी रस गळलेला.

म्हणजे हा आधीच मेलेला होता आणि मी रोज त्याला उदबत्ती ओवाळत होते.

परोटा तोडायचं लोखंडी पातं घेतलं आणि बोर्डाचे तुकडे केले. कोत्तुसाठी तव्यावर परोट्याचे करतात तसे, ठण ठण ठण. समोरचा इस्त्रीवाला बघायला आला. म्हटलं, तुलाही हवा का? गेला.

बरं वाटलं. पाच मिनिटं.

२ सप्टेंबर, गुरुवार

रिची स्ट्रीट, कॉम्प्युटरच्या दुकानांची गल्ली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी गेले. पहिल्या दुकानात एक केस उभे केलेला माणूस. म्हटलं, कधीही अडकणार नाही असा कॉम्प्युटर हवा, चार कॅमेरे लावायचेत, पैसे बेताचे. त्याने मला लाल दिवे लागणारं दोन पंख्यांचं कार्ड काढून दाखवलं. "मॅडम, गेम एकदम मक्खन चालेल." मी म्हटलं, मला गेम खेळायचा नाही, माणसं तुरुंगात घालायचीत. तो हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आज कुठली कुठली गिऱ्हाइकं येतात बघ." त्याचा काचेचा काउंटर होता. आता नाही. माझ्या पितळी डब्याने एकाच दणक्यात फुटला.

गर्दी जमली. मला धरलं. त्या गर्दीतून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा आला, काचेचे पैसे मी देतो म्हणाला, आणि मला जिन्याखालच्या आपल्या खोपटात नेऊन स्टुलावर बसवलं. नैना भाई. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, आता हे. रोजा होता त्याचा. ओठ सुकलेले, तरी मला पाणी दिलं. 

"आधी सांग, तंगच्ची," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "जुना कशाने मेला?"

सगळं सांगितलं. बोटांचंही.  तो म्हणाला, "त्या छोट्या पंख्याने मारलं तुला. पंखा अडला, कार्ड तापलं, कार्डाने बोर्डालाही अडकवलं. तुझ्या कामाला वेगळं कार्ड कशाला? बोर्डातच चित्राची सोय असलेला घे. जे नाहीच ते बिघडणार कसं?"

आणि लगेच विकला का? नाही! "ईद होऊ दे. आत्ता तू रागात आहेस. रागात घेतलेला माल लोक परत आणतात आणि मला शिव्या देतात." 

मी त्यालाही दोन शब्द सुनावले. उपाशी म्हाताऱ्याला. वाईट वाटलं, पण वळून माफी मागितली नाही.

७ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी दोन गाड्या. चौघं. तोंडाला फडकी. लोखंडी पहार घेऊन भांड्यांचं कपाट, अंड्यांचे ट्रे, बाहेरचा कॅमेरा, सगळं फोडलं. एकाने मळलेल्या कणकेवर रॉकेल ओतलं. वीस किलो कणीक! जाताना ओरडला, "त्याला सांग, अजून आठ उरलीत!"

मी उकळतं पाणी फेकलं. एकाच्या पायावर पडलं. तो किंचाळला ते ऐकून मला इतकं गोड वाटलं की मी स्वतःलाच घाबरले.

तंबी आत खाटेखाली लपला होता. माझा भाऊ, पाच फूट दहा इंच. त्याला बाहेर काढताना तो लहानपणासारखा माझ्या पोटात डोकं घालून रडला. दिल्लीबाबू, तुझं वाटोळं होवो. मी हे वहीत लिहिते आहे कारण तोंडाने म्हणून म्हणून घसा बसलाय.

ठाण्यात गेले. "फडकी होती ना? मग कोण ते कसं सांगणार?" आणि आधीच्या डिस्कचं काय? "कुठली डिस्क?"

१४ सप्टेंबर, मंगळवार

नैना भाईकडे. ईदची बिर्याणी ठेवली होती माझ्यासाठी, तंबीसाठी डबा वेगळा. माझ्यावर ओरडणाऱ्या बाईसाठी कोणी डबा ठेवेल असं वाटलं नव्हतं. शितंही ठेवलं नाही पानात.

त्याने दोन बोर्ड टेबलावर मांडले. एक मोठा, निळा, खाचा भरपूर, वर चकचकीत पट्ट्या. दुसरा वीतभर, फिक्या रंगाचा, अगदी गरीब दिसणारा. 

"कुठला घेशील?"

मी मोठ्यावर बोट ठेवलं. त्याने माझ्या बोटावर चापट मारली.

"दिसण्यावर जाऊ नकोस. याच्या खाचा तुला लागणार कधी? तुला एक खाच पुरे, कॅमेऱ्याच्या कार्डाची. आणि कॅमेऱ्याची कार्डं नखरेल असतात, सगळ्या बोर्डांशी जमत नाही त्यांचं. या छोट्याशी जमतं, मी दोन वर्षं एका सराफाकडे चालवलाय. हे डबे बघ, वर सपाट, घट्ट. फुगणारे नाहीत. चित्र याच्या आतूनच निघतं. पंखा एकच, प्रोसेसरचा, तोही मोठा, हळू फिरणारा. मैदा बसला तरी तुला ब्रशने साफ करता येईल."

"वीज गेली तर? आमच्याकडे दिवसातून तीनदा जाते. बॅटरीला पैसे नाहीत माझ्याकडे."

मग त्याने ती गंमत दाखवली. बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये एक ओळ आहे. ती बदलली की वीज परत येताच हा बटण न दाबता आपोआप उठतो. आधी चालू होता की बंद, विचारत नाही. उठला की कॅमेऱ्याचा कार्यक्रमही आपोआप सुरू. 

"म्हणजे याला झोपवायचं कसं?"

"सॉकेटचं बटण बंद ठेवायचं. नाहीतर हा उठणारच. तुझ्यासारखा आहे, एकदा चिडला की बसत नाही."

हसले मी. सव्वीस दिवसांनी.

बोर्ड सत्तावीसशे. आईच्या कानातल्या कुड्या गेल्या त्यात आणि बाकी सामानात. जाऊ देत. कुड्यांनी साक्ष दिली नसती.

१५ सप्टेंबर

चालू केला. आवाजच नाही! कान लावून बघितला. जुना म्हणजे गिरणी होती. दिवा झाकला तर चालू की बंद कळू नये. पेटीवर हात ठेवला तर हलकी ऊब, एवढंच.

दहा वेळा सॉकेटचं बटण बंद-चालू केलं. दहाही वेळा स्वतः उठला, स्वतः रेकॉर्डिंग. शेवटी तंबी म्हणाला, "अक्का, सोड त्याला आता, मरेल." तंबी बोलला!

२१ सप्टेंबर

सात दिवस. एकदाही अडकला नाही.

२७ सप्टेंबर, सोमवार

तंबी तव्यापाशी उभा राहिला! डाव्या हाताने कोत्तु शिकतोय. पातं निसटतं, परोटा उडतो, गिऱ्हाइकाच्या शर्टावर अंडं. पण सोडत नाही. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तासभर नुसत्या फळीवर पातं आपटतो. पातं, मग नारळाचा कोयता. नारळ एका घावात. म्हटलं, डाव्या हातात इतका जोर आला कुठून रे? म्हणाला, "येतोय हळूहळू."

अम्मनला, आमच्या देवीला, नारळ बोलले होते, तो फोडला. तोही त्यानेच फोडला.

५ ऑक्टोबर, मंगळवार

दिल्लीबाबू आज दुकानासमोरून गेला. एकटा, चालत. हळू. आमच्या पाटीकडे बघून थुंकला की नुसता खोकला, कोण जाणे. माझ्या हातात उकळत्या रश्शाचा मोठा डाव होता. मागून मानेवर ओतला.

तो ओरडला नाही. मान धरून वळला, माझ्याकडे बघितलं, आणि गेला. माझ्याइतकाच थकलेला दिसला. पण त्याची कीव? मुळीच नाही.

संध्याकाळी त्याची आई आली, पच्चैयम्मा. बंदरावर मासळी विकते. दारात उभी राहून मूठभर माती माझ्या उंबऱ्यावर उधळली, "तुझा वंश बुडो" म्हणाली. मी म्हटलं, "माझा वंश दोन बोटांनी आधीच कमी झालाय, म्हातारे, तुझ्या पोराला विचार!" ती म्हणाली, "पोलिसांना दाखव ना मग चित्र! आहे तुझ्याकडे? नाही ना? माझ्या पोराच्या मानेवरचे फोड मात्र मी दाखवू शकते!"

ती गेल्यावर मी मशीन लावून आजची दुपार बघितली. एक जाडी बाई. केस सुटलेले. मागून येते, पाठमोऱ्या माणसावर ओतते. दात दिसतात तिचे. ती हसत होती! मला वाटत होतं मी रडत होते.

पुसायचं बटण समोर होतं. नाही पुसलं. चित्राला नातेवाईक नसतात तर मलाही नकोत. ज्याने केलं त्याचं दिसलं पाहिजे, मग ती मी असले तरी.

१२ ऑक्टोबर

तंबी म्हणतो, "अक्का, मिटवून टाकू या. मी दिल्लीबाबूला निरोप पाठवलाय. तोही कंटाळलाय."

फुंकणी फेकून मारली त्याला. चुकवली. म्हणाला, "किती दिवस उकळतं पाणी घेऊन बसणार तू? मला झोप लागत नाही. पुरे."

मी रात्रभर— नाही, बराच वेळ भांडले. मग थकले. आठ बोटांचा माणूस पुरे म्हणतो तर मी दहा बोटांची कोण?

१६ ऑक्टोबर, शनिवार

आयुधपूजा. दुकान धुतलं. दाराला केळीचे खांब. तवा, पाती, कोयता, किसणी, वजनकाटा, सगळं घासून ओळीने मांडलं, चंदनाचे ठिपके, वर कुंकू. चुरमुरे, हरभऱ्याची उसळ, केळी. आज कुठल्याच हत्याराने काम करायचं नाही.

मी कॉम्प्युटर चालूच ठेवणार होते. तंबीने ऐकलं नाही. "सगळ्यांना सुट्टी आणि यालाच राबवतेस? पाप लागेल." मी म्हटलं, तुला कधीपासून पाप-पुण्य? अम्मनच्या देवळात हा फक्त उसळ खायला जायचा! पण त्याने स्वतः बसून नीट बंद केला, चित्राचा पडदाही बंद केला, पेटीला चंदन फासलं. ओलं चंदन, फटींतून आत जाईल म्हणून मी ओरडले. झेंडूची माळ घातली. हात जोडून उभा राहिला. मला भरून आलं. पोरगा सुधारला, म्हटलं. 

दृष्ट काढायचा कोहळा मी फोडला. वर कापूर, आत कुंकवाचं पाणी. तीनदा ओवाळून रस्त्यावर आपटला. लाल लाल लाल झालं सगळं. दिल्लीबाबूचं डोकं समजून आपटला, खोटं कशाला लिहू.

दुपारी जेवताना दोन मिनिटं वीज गेली, आली. गल्ली रिकामी, सगळ्यांची दुकानं बंद. संध्याकाळी पाचला तंबी म्हणाला, "अक्का, तू उसळ घेऊन देवळात जा. मावशीकडेही देऊन ये. सावकाश ये."

निघते.

१७ ऑक्टोबर, रविवार

काल संध्याकाळचं आज लिहितेय.

मी देवळातून परतले तर दुकानासमोर गर्दी. उंबऱ्यावर कोहळ्याचं लाल आणि दुसरं लाल, वेगळं ओळखता येईना. दिल्लीबाबूचा उजवा हात कोपराखाली तुटलेला. बेशुद्ध. डाव्या हातात कोयता. तंबी भिंतीला टेकून बसलेला, खांदा फाटलेला, रक्त. म्हणाला, "मिटवायला ये म्हणून बोलावलं अक्का, तो कोयता घेऊन आला. मी तव्यामागे होतो म्हणून वाचलो."

तंबीच्या खांद्याला नऊ टाके. तो जगेल, घरी आणला. दिल्लीबाबूही जगेल. मोठ्या दवाखान्यात आहे, पलंगाशी पोलीस. शुद्धीवर आला की जिवे मारायला आल्याचा गुन्हा त्याच्यावर. आधीचे चार आहेतच.

इन्स्पेक्टर स्वतः आला. या वेळी नीट बोलला. "मशीन चालू होतं का, अम्मा?" मी म्हटलं, पूजेला ठेवलं होतं. माळ बघून त्याने मान डोलावली. "त्यांना माहीत असतं. आज कोणाचा कॅमेरा चालू नसतो, बरोबर आजच येतात." आणि तंबीच्या पाठीवर थाप मारली! 

गल्लीतली माणसं आली, ज्यांनी ऑगस्टमध्ये काही पाहिलं नव्हतं ती. कोणी केळी आणली, कोणी दूध. इस्त्रीवाला म्हणाला, "डाव्या हाताने! वाघ आहे तुझा भाऊ."

मला आनंद झालाय. लिहून ठेवते. एका हाताला एक हात. देव आहे.

१८ ऑक्टोबर, सोमवार

काल विजयादशमी, हत्यारं परत उचलायचा दिवस, धावपळीत राहिला. म्हणून आज सकाळी माळ काढली, मशीन सुरू करायला बटणाकडे हात नेला. पेटी उबदार.

वाटलं, ऊन पडलं असेल. तिथे ऊन येत नाही.

पडद्याचं बटण दाबलं. चारही चित्रं चालू. घड्याळ पुढे सरकतंय. शनिवारी दुपारी एक वाजून एकतीस मिनिटांपासून सलग. वीज गेली, आली, आणि हा उठून बसला! सॉकेटचं बटण बंद करायचं आम्ही दोघंही विसरलो होतो. पडदा काळा, आवाज नाही, दिवा झेंडूच्या माळेखाली, कोणाला कळणार? मीच उड्या मारल्या. टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता दिल्लीबाबू सात वर्षं आत! नैना भाईला पेढे!

सहा वाजून चार मिनिटं. दिल्लीबाबू येतो. एकटा. पूजेचं दुकान म्हणून चपला बाहेर काढतो. दोन्ही हात रिकामे. नाही, डाव्या हातात मिठाईचा खोका. मानेवर पांढरं मलम, मी भाजलं तिथे. तंबी त्याला बाकावर बसवतो. पानावर चुरमुरे आणि उसळ वाढतो. आपल्या पूजेची. दिल्लीबाबू काहीतरी बोलतो, आवाज नाही, पण तो हात जोडतो हे दिसतं. हात जोडतो! मग मान खाली घालून खायला लागतो. उजवा हात पानावर.

तंबी मागे जातो. पूजेतला नारळाचा कोयता उचलतो, चंदनाच्या ठिपक्यांचा. डाव्या हाताने. एकच घाव.

बाकी मला लिहायचं नाही. पण लिहिते, कारण मी बघितलं. तो कणकेच्या फळीखालून दुसरा कोयता काढतो, जुना, आमचा नाही. दिल्लीबाबूच्या उरलेल्या हाताची बोटं एकेक करून त्याच्या मुठीवर मिटवतो. घाई नाही. पूजेतला कोयता पाण्याने धुतो, फडक्याने पुसतो, नवं चंदन लावतो, जागेवर ठेवतो. मग सुरीने स्वतःचा खांदा. मग वर बघतो, सरळ कॅमेऱ्यात, कारण त्याच्या मते तो बंद आहे.

रोज सकाळी तासभर तो नारळ फोडत होता आणि मी देवाचे आभार मानत होते.

 माझा भाऊ आतल्या खोलीत झोपला होता, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. उशी त्याच्या तोंडावर दाबावी असं वाटलं. त्याला उचलून कुठेतरी दूर न्यावं असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी, खरंच. काहीच केलं नाही. चहा ठेवला.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

इन्स्पेक्टरकडे डिस्क नेली तर? "कुठली डिस्क?" ज्याच्या पाठीवर थाप मारली त्याला तो आता बेडी घालणार आहे होय! आणि मी पुसून टाकली तर? एक बटण. बटणापाशी सकाळपासून चार वेळा गेले. पडद्यावर घास घेणारा दिल्लीबाबू थांबवून ठेवला होता. घास तोंडाशी.

दुपारी पच्चैयम्मा आली. मला वाटलं माती टाकायला. तिच्या हातात काही नव्हतं. मासळीची टोपलीही नव्हती. पायरीवर उभी राहिली, वर चढली नाही.

"तो शुद्धीवर आलाय," म्हणाली. "मिठाई घेऊन गेलो होतो म्हणतो. त्याच्यावर माझा विश्वास नाही, आयुष्यभर खोटं बोललाय माझ्याशी. तुझ्या भावाची बोटं त्यानेच कापली, ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. लग्नाबिग्नाला कोणी गेलं नव्हतं. पण हे एक मला कळायला हवं. तुझा तो कॅमेरा... चालू होता का गं?"

मी "पूजा होती" एवढंच म्हटलं.

ती पायरीवरून उतरली. मग म्हणाली, "तूही असंच विचारत हिंडलीस ना, ऑगस्टमध्ये? घरोघर? माझ्याही दारात आली होतीस. मी दार लावून घेतलं होतं." आणि गेली.

तिला मारायला मला काहीतरी हवं होतं. हाताशी काही नव्हतं. माझेच दोन हात होते, ते फळीवर आपटत राहिले. तंबी आतून म्हणाला, "अक्का, काय तुटत नाहीये? मी तोडून देऊ का?"

२० ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मशीनचे चार स्क्रू काढले आणि डिस्क पच्चैयम्माच्या पदरात घातली. ती वकिलाकडे नेते की दिल्लीबाबूच्या माणसांकडे, विचारलं नाही. घरी येऊन तंबीला वाढलं आणि तो जेवत असताना काय बघितलं, डिस्क कोणाला दिली, सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला नाही. भात संपवला, ताकभात मागितला, तोही संपवला. मग डाव्या हाताने पान नीट दुमडलं आणि म्हणाला, "कधी येतील, अक्का?"